मशीनपाशी चप्पल

धम्मशीलानं पाइपाला उलटा हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. नुसता चटका नाही, बोटांची मागची कातडी लाल झाली. आणि गच्चीवरच्या त्या पाणी तापवायच्या मशीनच्या काचेवर आकडा होता पंचवीस. पंचवीस अंश! म्हणजे माणसाच्या अंगाएवढंही गरम नाही. तिनं पुन्हा हात लावून पाहिला, या खेपेला टाकीच्या पितळी नटाला, जरा लांबूनच, आणि पुन्हा तेच. बंद पडलेल्या मशीनी तिनं आयुष्यात कमी पाहिल्या नव्हत्या. जळालेले बोर्ड, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, मुंग्यांनी भरलेले खटके, पालीची अंडी, सगळं पाहून झालं होतं. बिघाडाचं तिला कधी काही वाटायचं नाही, बिघाडावरच तर पोट होतं. पण हे बिघडलेलं दिसतच नव्हतं. हिरवा दिवा लागलेला, आकडा शांत, एका शब्दाची तक्रार नाही. आणि तिनं खटका वर केल्या-केल्या मशीन घुरघुरायला लागली होती, कारण मशीनच्या मते पाणी थंड होतं आणि ते तापवणं हे तिचं काम होतं. उकळतं पाणी ती आणखी तापवायला निघाली होती. धम्मशीलानं खटका पुन्हा खाली पाडला.

"तेच म्हणतो आम्ही," मागून बेबीताई म्हणाल्या. लोणारच्या या मुलींच्या वसतिगृहाच्या त्या गृहपाल. डोक्यावरून शाल घेऊन जिन्याच्या दारातच उभ्या होत्या, मशीनच्या जवळ यायला तयार नव्हत्या. "काल पाणी लई कडक येऊन राह्यलं व्हतं, त पोरी खूष. आज सकाळी नळ सोडला त नुसती वाफ. करिष्माचा हात भाजला, कोपरापर्यंत. म्या धावत येऊन खटका पाडला म्हणून बरं, नाहीतर काय झालं असतं हो मॅडम?"

काय झालं असतं ते धम्मशीलाला चांगलं माहीत होतं, टाकी फुटली असती. येताना खाली तिनं त्या पोरीला पाहिलं होतं. अकरावीतली असेल, खाटेवर बसलेली, हाताला मलम थापलेलं, रडून झालेलं तोंड. पेपर जवळ आले आणि उजवा हात भाजला. धम्मशीलानं तिला विचारलं, लई दुखते का, तर ती म्हणाली, नाही. एवढ्या भाजलेल्या हाताची पोरगी नाही म्हणते याचाच तिला राग आला, कोणाचा ते तिला सांगता आलं नसतं. कंपनीनं सकाळीच फोन करून तिला मेहकरच्या कामावरून इकडे धाडलं होतं. साधी तक्रार असेल म्हणून ती स्कुटीवर गाणं गुणगुणत आली होती. आता तिनं पेचकस काढला आणि बोर्डाच्या पेटीचे चार स्क्रू खोलले. शेजारच्या निंबावर माकडं बसली होती, त्यांतलं एक तिच्याकडे एकटक पाहत होतं.

पेटी उघडली आणि तिला लगेच दिसलं. टाकीतल्या सेन्सरची वायर बोर्डावरून काढून बाजूला वळवून ठेवलेली, आणि त्या जागी दोन पायांचा एक बारीकसा रेझिस्टर लावलेला, तांदळाच्या दाण्याएवढा. हा दाणा बोर्डाला एकच गोष्ट सांगतो, पाणी पंचवीस अंश आहे. सकाळी सांगतो, संध्याकाळी सांगतो, टाकी फुटायला आली तरी तेच सांगतो. सेन्सर खराब की बोर्ड खराब, हे ओळखण्यासाठी मिस्त्री लोक तो घडीभर लावून पाहतात. घडीभरच. तो तसाच ठेवून कोणी जात नाही, जाऊच शकत नाही, म्हणजे माणूस शुद्धीवर असेल तर. ती मनातल्या मनात शिवी देणारच होती. कोण हा गाढव, कोणाच्या जिवावर उठला, आधी त्याचं नाव शोधून काढते. आणि शिवी तोंडातच राहिली, कारण तिची नजर त्या रेझिस्टरच्या पायांवर गेली. वायरीचे वेढे एकाला एक चिकटून घेतलेले, शेवटचं टोक आत मुडपलेलं, आणि वरून सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचा लहानसा तुकडा चढवलेला. असं काम करणारा तिच्या माहितीत एकच माणूस होता. तिनं स्वतःही तेच शिकलेलं, पण तिचं टोक कधी इतकं आत मुडपत नसे, आणि त्यावरून तिनं बोलणी खाल्ली होती.

"ताई, माझ्या अगोदर कोण आलं होतं?"

"म्हातारे मिस्त्री आल्ते ना परवा. सुलतानपूरचे फकीर मोहम्मद. तुमच्या कंपनीचा माणूस यायले आठ-आठ दिवस लावते, तोवर पोरींनी काय थंड्या पाण्यानं आंघोळी कराव्या? सेन्सर मेला म्हणले, नवा घेऊन येतो म्हणले, अन् गेले. ते आलेच नाही मंग."

"कशावरून मेला म्हणाले?"

"ते मले काय समजते? पण त्यायनं हात लावला का मशीन चालू व्हते, एवढं खरं."

एवढं खरं. धम्मशीला तिथंच गच्चीवर मांडी घालून बसली. फकीर मोहम्मद, म्हणजे तिचे चाचा. आयटीआयमध्ये फ्रिज-एसीच्या वर्गात ती एकटी मुलगी होती, आणि हाताखाली शिकायला घेणारं एक दुकान मेहकरात मिळालं नाही. कोणी म्हणे जागा नाही, कोणी म्हणे पोरीचं काम नाही, एकानं तर शिवणकाम शिक म्हणून फुकटचा सल्ला दिला. शेवटी तिची आई जनकाबाई तिला हाताला धरून सुलतानपूरच्या त्या पत्र्याच्या दुकानात घेऊन गेली. चाचांनी तिच्याकडे वर-खाली पाहिलंच नाही. पेचकसाचं एक टोक चालू फ्रिजच्या कॉम्प्रेसरला टेकवलं, दुसरं टोक तिच्या कानाशी आणलं आणि विचारलं, काय आयकू येते? ती म्हणाली, कुणीतरी घोरते. आईनं कपाळाला हात लावला. पण चाचा हसले, म्हणाले, घोरते ते खरं, बेअरिंग गेली त्याची, उद्यापासून येत जाय. पोरांना बे म्हणायचे तसं तिलाही बे म्हणायचे. असा पाणी तापवणारा हीट पंप पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती गांगरली, तर म्हणाले, काऊन घाबरतं बे? फ्रिज आतली गरमी काढून भायेर फेकते, हे भायेरची गरमी काढून पाण्यात फेकते. फ्रिजच हाये, उलट्या अंगानं बसवला. आणि याच रेझिस्टरचा खेळ त्यांनी तिला शिकवला होता. बोर्डाले डोळे नाही, म्हणाले होते, सेन्सर सांगन तेच त्याले खरं. म्हणून खोटा सेन्सर लावून पाह्याचं. बोर्ड पंचवीस म्हणला त बोर्ड शहाणा अन् सेन्सर मेला. पण मंग खोटा काढून घ्यायचा, काढलाच पाह्यजे, नाहीतर तो बिचारा जन्मभर पंचवीस समजून तापवत बसते.

आणि तो काढायचा राहू नये म्हणून चाचांचा एक कायदा होता. मशीनमध्ये जंपर टाकला, म्हणजे मधला भाग टाळून वायर परस्पर जोडली, खोटा सेन्सर लावला, काहीही तात्पुरतं केलं, की पहिलं काम, डाव्या पायातली चप्पल काढून मशीनपाशी ठेवायची. स्वतः लाकडी पाटावर उभं राहायचं, उघड्या पायाला करंट लागू नये म्हणून, आणि चप्पल पायात घालायची ती जंपर काढल्यावरच. ती सुरुवातीला हसली होती. चाचा, हातावर लिहून ठेवा ना, म्हणाली होती. हातावरचं घामानं पुसते, ते म्हणाले, बोटाले दोरा बांधला त तो घडीभरानं दिसतच नाही. पण एका चपलेनं घरी गेलेला माणूस मले दाखव. आपल्या मुलखात एवढे काटे, एवढी गिट्टी, पावलागणिक याद येते. पुढे कंपनीत लागल्यावर संभाजीनगरला ती एका पायात सेफ्टी बूट आणि एका पायात मोजा घालून काम करायची तेव्हा बरोबरची पोरं तिची टर उडवायची. उडवू द्या म्हणायची. तिच्या हातून आजवर एक जंपर राहिला नव्हता.

म्हणजे मग ते चाचा नव्हेतच! हे सुचलं आणि ती ताडकन उठली. चाचा असते तर चप्पल इथं असती. चप्पल नाही, म्हणजे चाचांनंतर दुसरा कोणी आला, कोणीतरी नवशिका, ज्यानं चाचांच्या हातचं काम पाहून नक्कल केली. असं होऊ शकतं. तिनं मशीनच्या भोवती पाहिलं, टाकीच्या खाली वाकून पाहिलं, पाइपांच्या मागे हात घालून पाहिलं. एक पाट सापडला, तो काय वसतिगृहाचाही असेल, पण चप्पल नाही. चपलेचा मागमूस नाही. तिला इतकं हलकं वाटलं की तिनं नवा सेन्सर बसवताना बेबीताईंशी गप्पासुद्धा मारल्या, खोटा दाणा उपटून खिशात टाकला, वायर लावली, खटका वर केला. काचेवर पंच्याऐंशी आलं आणि मशीन गप्प राहिली. शहाण्यासारखी गप्प राहिली, पाणी थंड व्हायची वाट पाहत. "आता काही भेव नाही ताई. गरम पाणी थोडं सोडून द्या, आणि टाकीत थंड पाणी भरू द्या," ती म्हणाली, आणि पेटीचं झाकण लावायला घेतलं.

तेवढ्यात जिन्यातून करिष्मा वर आली. भाजलेला हात अंगापासून लांब धरलेला, आणि दुसऱ्या हातात काहीतरी. "मॅडम, हे बी मशीनचंच हाये का? परवा कपडे वाळत घालाले आली त मशीनपाशी पडली व्हती. आम्हाले वाटलं माकडानं आणून टाकली, म्हणून मी खाली नेऊन ठेवली." तिच्या हातात एक चप्पल होती. चामड्याची, डाव्या पायाची, झिजलेली. अंगठ्याची पट्टी बाजूला सरकवून निळ्या नायलॉनच्या दोऱ्यानं शिवलेली, कारण ज्याच्या पायाची ती होती त्याच्या डाव्या पायाला अंगठा नव्हता. कॉम्प्रेसर पायावर पडून तो गेला होता, धम्मशीलाच्या डोळ्यांदेखत. तो रक्तानं भरलेला पाय घेऊन चाचा आधी म्हणाले होते, गॅसची टोपी बंद कर बे, आणि मग खाली बसले होते.

तिनं चप्पल घेतली. म्हणजे चाचांनी कायदा पाळला होता. सेन्सर मेला हे बरोबर ओळखलं, खोटा दाणा व्यवस्थित लावला, टोक आत मुडपलं, चप्पल काढून ठेवली, पाटावर उभं राहून पाहिलं, बोर्ड शहाणा आहे म्हणून खात्री केली. सगळं जसंच्या तसं. आणि मग सेन्सर आणायला म्हणून जिना उतरले, आणि फाटकाबाहेर गेले, आणि तशाच एका चपलेनं, एक पाय उघडा टाकत, लोणारच्या बाजारातून, स्टँडवरच्या गिट्टीतून, ऑटोत बसून सुलतानपूरला घरी गेले. पावलागणिक याद येते म्हणणारा माणूस. तिच्या डोळ्यांसमोर तो उघडा पाय यायला लागला, अंगठा नसलेला. तिनं बोर्डासारखाच एक आकडा इतकी वर्षं धरून ठेवला होता, चाचा कधी चुकत नाहीत हा, आणि बाहेर काय चाललंय त्याची तिला खबर नव्हती. दिवाळीला फोन केला तेव्हा त्यांनी तिला दोनदा विचारलं होतं, तू सध्या कुठं असतं? म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं असं समजून ती दुसऱ्यांदा मोठ्यानं बोलली होती.

"कोणाची चूक हाये मॅडम?" बेबीताईंनी विचारलं. "म्हाताऱ्याची का? उद्या या पोरीच्या मायबापाले मले तोंड द्या लागते."

करिष्मा बाजूलाच उभी होती, मलम लावलेल्या हातानं. तिच्यासमोर खोटं बोलण्याची धम्मशीलाला लाज वाटली. "हाव," ती म्हणाली. "त्यांचीच. त्यांना आता बोलवू नका ताई. मशीनचं काही झालं तर मला फोन करा, मी येते." स्वतःचा आवाज तिला परका वाटला. चाचांचं नाव तिनं एका गृहपालाकडे असं मातीत घातलं होतं, आणि ते खरं होतं, आणि खरं असूनही तिला ते चोरी केल्यासारखं वाटत होतं.

सुलतानपूरच्या रस्त्यानं ती स्कुटी हाकत निघाली तेव्हा दोन्ही बाजूंना हरभरा उभा होता आणि ऊन छान पडलं होतं. असं ऊन पडायला नको होतं, असं काहीतरी तिला वाटत होतं. चप्पल डिकीत होती. चाचांना काय सांगायचं? तुमच्यामुळे एक पोरगी भाजली? त्यांनी मेहकरपासून सिंदखेडराजापर्यंत किती मशीनींना हात लावला असेल या दिवाळीनंतर, आणि त्यांतल्या कितींच्या पोटात हा दाणा बसला असेल, पंचवीस, पंचवीस म्हणत? तिनं गाडीचा वेग वाढवला. मग तिला वाटलं, आपण उगाच घाबरलो, एकदा चुकलं असेल, ताप असेल अंगात, म्हातारा माणूस आहे. मग पुन्हा तो उघडा पाय डोळ्यांसमोर आला.

चाचा अंगणात बाजेवर बसले होते, हत्यारांची पिशवी मांडीवर, पाय उघडे. तिला पाहून चेहरा असा खुलला की तिची भीती निम्मी पळाली. "आली का बे धम्मा! ये, बस. इमामबी, चहा टाक, आपली इंजिनेर आली. बरं सांग, टाकीचा सेन्सर तुटला त बोर्डाले काय दिसते?"

"तुटला तर फॉल्ट दाखवते चाचा. गरम का थंड ते त्याला समजत नाही, म्हणून मशीन बंद ठेवते."

"शाब्बास! अन् खोटा लावला त?"

"पंचवीस," ती म्हणाली. इतका लख्ख माणूस, आणि आपण त्याच्यावर काय-काय संशय घेतला! तिनं डिकीतून चप्पल आणून त्यांच्या पायाशी ठेवली, आणि वाट पाहिली की आता ते दचकतील, आता कपाळावर हात मारून घेतील.

"अरे वा, भेटली का! दोन दिवस झाले धुंडून राह्यलो. कुठं व्हती?"

"लोणारला. होस्टेलच्या गच्चीवर, चाचा. मशीनपाशी."

"माकडं, दुसरं काय," चाचा हसले. "लोणारले त मी दिवाळीपासून पाय नाही ठेवला." आणि त्यांनी चप्पल पायात सरकवली, बाजेखालून दुसरी ओढली, आणि पिशवी खांद्याला लावून उभे राहिले. "चाल, बरं झालं तू आली. साखरखेर्ड्याच्या दवाखान्यातून सकाळचे फोन येऊन राह्यले. बाळंतिणीचा वार्ड हाये, लेकरांच्या आंघोळीले गरम पाणी नाही. चपलेपायी अडकून पडलो व्हतो."

इमामबी चहाचं भांडं घेऊन दारात आली होती. तिनं नवऱ्याच्या पायांकडे पाहिलं, मग धम्मशीलाकडे, आणि भांडं तिथंच उंबऱ्यावर ठेवून दिलं. "काऊन आणली गं माय तू?" ती हळू आवाजात म्हणाली, पण त्यात केवढा संताप होता. "परवा एका पायानं घरी आले. पायात काटे भरलेले, म्या एकेक काढला, त यायले समजलं बी नाही कुठून भरले. दुसरी कोणती चप्पल त्या पायाले होत नाही, म्हणून तरी घरात होते. मी म्हणत व्हती अल्लानं माझं आयकलं. अन् तू आणून दिली."

धम्मशीला वळून चाचांकडे पाहायला लागली. लहान लेकरांच्या आंघोळीचं पाणी. चाचा अंगण ओलांडून तिच्या स्कुटीकडे चालले होते, झपाझप, कामावर जाणाऱ्या माणसाच्या आनंदात. करिष्माबद्दल सांगावं त्यांना? सांगितलं तर ते रडतील, खरंच रडतील, त्यांना ती ओळखत होती. आणि तासाभरानं विसरून पुन्हा पिशवी उचलतील, आणि उद्या पुन्हा सांगावं लागेल, आणि ते पुन्हा पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडतील. रोज रोज कोण भाजवील त्या माणसाला असं?

"चाचा," ती ओरडली, "थांबा! जंपर राह्यला."

चाचांचा पाय जागच्या जागी थबकला. वळले तेव्हा हसू नव्हतं. दुकानातला तो जुना चेहरा होता, ज्याला सगळी पोरं टरकून असायची. "कोणाचा?"

"माझा."

"कुठं?"

"टाकलाय एके ठिकाणी. काढायचा राह्यला."

"मंग दोन्ही बूट पायात घालून कशी फिरून राह्यली बे?" चाचा तिच्या अंगावरच आले. "हेच शिकवलं का तुले मी? एखाद्याचं लेकरू जाईन, समजते का तुले? काढ बूट! काढ पहिले!"

तिनं खाली बसून डाव्या पायातला बूट काढला. चाचा तोवर बाजेपाशी परत आले होते. त्यांनी पिशवी खाली ठेवली, आणि कोणी न सांगता आपली डावी चप्पल काढून तिच्यापुढे सरकवली. "हे बी ने. शागीर्दाचा जंपर म्हणजे माझाच. तू काढून येत नाही तोवर मी कुठं जात नाही. साखरखेर्डं थांबन थोडं."

"साखरखेर्ड्याला मी जाते चाचा. तुम्ही बसा."

"बसतो ना. चप्पल नाही त कुठं जाणार?"

बूट तिनं बाजेखाली ठेवला, त्यांच्या उघड्या पायाजवळ, आणि चप्पल घेऊन निघाली. इमामबीनं उंबऱ्यावरचं चहाचं भांडं उचललं आणि पदर तोंडाला लावला. धम्मशीलानं स्कुटी चालू केली. खिशात तो तांदळाएवढा दाणा तसाच होता, पण तो आता कुठल्याच बोर्डावर नव्हता. जो जंपर टाकला होता तो तिनं आत्ता, इथं, या अंगणात, चाचांशी खोटं बोलून टाकला होता, आणि तो कधी काढता येईल असं तिला वाटत नव्हतं. फाटकातून बाहेर पडताना टेकवलेल्या डाव्या पायाखाली गिट्टी टोचली.

"काढल्याबिगर घरी जाऊ नको बे!" मागून चाचा ओरडले.

"नाही जात, चाचा," ती म्हणाली, आणि साखरखेर्ड्याच्या रस्त्याला लागली.